आधी विहिरींचा हिशेब

साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने मराठीच्या प्रकृतीची विचारपूस करावी, सरकारकडे अनुदान मागावे आणि हार घेऊन खाली बसावे, असा रिवाज पडला आहे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत तो पाळायचे कारण नाही. कुस्तीत नुसती खडाखडी करणाऱ्याला इथे कुणी टाळ्या देत नाही. मुद्दा सरळ मांडतो. चालू कोळसा खाण वाढवायची असेल तेव्हा गावाला विचारायचे नाही, ही सवलत देण्याची प्रथा बंद झाली पाहिजे.

२००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेने जनसुनावणीची तरतूद केली. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी, आयोजन प्रदूषण नियंत्रण मंडळाचे, आणि कामकाजाचे चित्रीकरण सक्तीचे. पुढे या दाराला खिडक्या पडत गेल्या. २०१७ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ४० टक्क्यांपर्यंतच्या विस्ताराला सुनावणीतून सूट देण्याची सोय केली. ७ मे २०२२ रोजी, कोळसाटंचाईचे कारण पुढे करून, ४० टक्के वाढलेल्या खाणींना ५० टक्क्यांपर्यंत जाण्याची मुभा मिळाली. पर्यावरणावरच्या परिणामांचा नवा अहवाल नको, सुनावणीही नको. ती मुभा सहा महिन्यांपुरती होती म्हणून समाधान मानण्यात अर्थ नाही, कारण तिच्यामागचा विचारच उलटा आहे. नव्या खाणीच्या सुनावणीत सगळे अंदाजावर बोलतात, कंपनीही आणि गावही. विस्ताराच्या वेळी गावाच्या हातात पुरावा असतो. कोणती विहीर आटली, कोणत्या ओढ्यात मातीचा ढिगारा आला, आधीच्या परवानगीतल्या कोणत्या अटी कागदावरच राहिल्या, हे तेव्हाच सांगता येते. नेमक्या त्याच वेळी साक्षीदाराला बाहेर बसवायचे, याला मी प्रशासकीय सोय म्हणायला तयार नाही.

यावर उत्तर येते की, जमीन तीच, खाणपट्टा तोच, मग नवे काय घडते? घडते ते जमिनीखाली. खुली खाण कोळशाच्या थरापर्यंत न्यायची तर खड्ड्यात झिरपणारे पाणी सतत उपसावे लागते. खड्डा खोल गेला की भोवतालची भूजलपातळी त्याच्याकडे उतरते, आणि पाण्याला पट्ट्याची हद्द ठाऊक नसते. कायद्यात शेतकऱ्याची बाजू मुळातच लंगडी आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमिनीखालच्या पाण्यावर जमीनमालकाचा हक्क मानला जातो. त्याच्या उपशामुळे शेजारच्याची विहीर कोरडी पडली तरी दाद मागणे अवघड. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने घातली, ती शेतकऱ्याच्या बोअरला लगेच लागू होतात. खाणीच्या उपशाला केंद्रीय भूजल प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागतो, हे खरे. पण तो दाखला म्हणजे कंपनी आणि कार्यालय यांच्यातला कागद. जिच्या घरचा रहाट थांबणार, ती बाई त्यात कुठेच नाही. वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीने नागपूरजवळच्या पाटणसावंगी खाणीतले पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीत भरले. खाणी आजूबाजूच्या गावांनाही पाणी पुरवतात. पुरवू देत. पण ज्या पाण्यावर माणसाचा हक्क होता, ते त्याला उपकार म्हणून परत करणे हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वीज हवी की नको? हवीच; इथला ध्वनिक्षेपकही विजेवरच चालला आहे. परंतु २००६ च्याच अधिसूचनेत सुनावणी ४५ दिवसांत पूर्ण करण्याची मुदत आहे. खाणीचे नियोजन वर्षांच्या हिशेबाने होते. त्यात हे दीड महिने बसत नसतील तर दोष नियोजनाचा. तिसरा आक्षेप असा की, सुनावण्या म्हणजे तमाशा, भाड्याची माणसे आणि पोलिसांचा वेढा. अनेकदा तसे होते, नाकारण्यात अर्थ नाही. तरीही नोंदलेली हरकत वाया जात नाही. गोव्यातल्या खाणीविरुद्ध ‘उत्कर्ष मंडळ’ ही संस्था न्यायालयात गेली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये बजावले की, सुनावणीतल्या हरकती का फेटाळल्या याची कारणे प्रस्ताव तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने दिलीच पाहिजेत. सुनावणीच झाली नाही तर कारणे मागायची कशाच्या आधारावर?

आणि कोल्हापूरकरांनी यात का पडावे? महाराष्ट्राचा कोळसा चंद्रपूर, यवतमाळ, नागपूरकडे, आपल्याकडे बॉक्साइट. पण २००६ ची अधिसूचना दोन्ही खनिजांना लागू आहे, आणि राधानगरी-शाहूवाडीतले हे बॉक्साइट असलेले जांभ्याचे सडे पावसाचे पाणी धरून खालच्या झऱ्यांना पुरवतात. शिवाय शाहू महाराजांनी १९०२ मध्ये पाटबंधाऱ्यांचे धोरण जाहीर केले, राधानगरीचे धरण हाती घेतले, याचा अभिमान आपण दर वर्षी मिरवतो. पाण्याची व्यवस्था हे राज्यकर्त्याचे काम आहे, एवढे त्यातून कळत असेल, तर चंद्रपूरच्या विहिरीबद्दल गप्प बसण्याची मोकळीक आपल्याला नाही.

समारोपाच्या ठरावांत ‘पर्यावरणाचे रक्षण व्हावे’ असे एक गुळमुळीत वाक्य दिसते. ते खोडा. त्याजागी लिहा : कोणत्याही खाणीच्या विस्ताराचा प्रस्ताव आला की, आधीच्या परवानगीतल्या प्रत्येक अटीचा अहवाल आणि भोवतालच्या विहिरींच्या पातळीची मागील सर्व वर्षांची नोंद मराठीत ग्रामपंचायतीत लावावी, आणि त्यानंतरच सुनावणी घ्यावी. ठरावाची प्रत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला टपालाने जाऊ द्या, पोचपावतीसह.