वादळानंतरच्या रानवाटा

दसरा झाला, उन्हे जरा कोरडी पडू लागली, की डोंगरांत भटकणाऱ्या मंडळींचे पाय शिवशिवू लागतात. माळ्यावरच्या पिशव्या खाली येतात, बुटांवरची बुरशी पुसली जाते आणि "यंदा कुठं?" हा प्रश्न सुरू होतो. तुम्ही त्या मंडळींपैकी असाल, किंवा तुमच्या घरातला एखादा मुलगा अगर मुलगी त्यांच्यापैकी असेल, तर आजचे हे चार शब्द तुमच्यासाठी आहेत. कुठला किल्ला चढावा अन् कुठला घाट उतरावा हे मी सांगणार नाही; ते सांगणारे पुष्कळ आहेत. ज्या वाटेने तुम्ही जाणार, ती वाट जागेवर आहे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता तुम्ही म्हणाल, वाट कुठे जाणार? शिवकालापासूनच्या वाटा त्या! पण अलीकडच्या काही वर्षांत सह्याद्रीतल्या वाटा खरोखरच गेल्या. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चढले. ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड इकडच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, हे आपण सर्वांनी वाचले. बागांचे छायाचित्र निघते, रानाचे कोण काढतो? ते वादळ किनाऱ्यावर थांबले नव्हते. रायगडातून घाट चढून ते पुणे-नाशिककडे गेले आणि जाताना वाटेतली झाडे मुळासकट उपटत गेले. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ ला, महाबळेश्वरावर चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. तिथे वर्षभरात जेवढा पडतो त्याचा सुमारे दहावा हिस्सा एका दिवसात! आंबेनळी घाटाचा डांबरी रस्ता जागोजाग तुटून गेला. महाड तालुक्यातल्या तळिये गावावर त्याच दिवशी डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांनी तेच भोगले. जिथे सरकारी रस्ता टिकला नाही, तिथे दोन हात रुंदीची पाऊलवाट काय टिकणार?

वाऱ्याने केलेली मोडतोड आणि पाण्याने केलेली मोडतोड, या दोन अगदी निरनिराळ्या गोष्टी आहेत. वाऱ्याची मोडतोड डोळ्यांना भयंकर दिसते, पण ती तशी सोपी. महाबळेश्वर, कोयना, भीमाशंकर इकडच्या माथ्यावरचे रान म्हणजे जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा, असे फार उंच न वाढणारे पण दाट. खाली जांभा दगड, वर मातीचा पातळ थर. मुळे खोल जाणार कुठे? ती आडवी पसरतात. वादळात असे झाड पडते तेव्हा बुंध्यातून मोडत नाही. मुळांची अख्खी चकती मातीसकट उभी राहते आणि जागेवर खड्डा पडतो. वाट जर त्या झाडाच्या बुडाशी असेल, तर वाटेचा तो तुकडाच वर उचलला जातो.

असे झाड आडवे आले म्हणजे आपण काय करतो? त्याला वळसा घालतो. पहिला मनुष्य डावीकडून जातो, दुसरा उजवीकडून, तिसऱ्याला दोघांचीही पावले दिसतात आणि तो मधून घुसतो. एका वाटेच्या तीन होतात, पैकी दोन कुठेच जात नाहीत. चुकामुकीचे कारण बहुतेक वेळा हेच असते. पडलेले झाड माणसाला अडवीत नाही, ते त्याला भलतीकडे पाठविते. म्हणून वळसा जरूर घाला, पण पुढची वाट डोळ्यांनी पाहिल्यावाचून दहा पावलांपलीकडे जाऊ नका. एकाने झाडाशीच उभे राहावे, दुसऱ्याने पलीकडे वाट शोधून हाक द्यावी, मग बाकीच्यांनी निघावे. उतार तीव्र असला तर वळसा वरच्या अंगाने घ्यावा. खालच्या अंगाने जाणे म्हणजे अडकून राहिलेल्या लाकडाखालून जाणे.

ओंडका ओलांडताना एक साधी रीत आहे. आधी ओंडक्यावर पाय ठेवायचा, पलीकडे पाहायचे, मग उतरायचे. पलीकडच्या सावलीत घोणस किंवा हिरवा चापडा पहुडलेला असला तर त्याला तुमच्याइतकेच आश्चर्य वाटते. आणि वर पाहायला विसरू नका. मोडून दुसऱ्या झाडात अडकलेली फांदी दोन-दोन वर्षे अधांतरी राहते आणि एखाद्या वाऱ्याविना दिवशी खाली येते. तिच्याखाली बसून डबा सोडण्याची हौस नको.

कोयता चालविण्याचीही हौस नको. पडलेल्या झाडाखाली एखादे कोवळे झाड धनुष्यासारखे वाकून दाबलेले असते. ते तोडले की सुटून छातीत बसते. मुळांची उभी चकतीही तशीच. बुंधा कापला की ती धाडकन मागे आपल्या खड्ड्यात बसू शकते, आणि त्या खड्ड्यात आपल्यापैकी कोणी उभा असेल तर! शिवाय कायदा आहेच. १४ फेब्रुवारी २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांतून मेलेले, वठलेले, वाऱ्याने पडलेले लाकूडसुद्धा काढून न्यायचे नाही. पुष्कळांना हा आदेश आडमुठा वाटतो. मला वाटत नाही. पडलेले झाड म्हणजे रानाचे खत, किड्यामुंग्यांचे घर आणि उतारावरची माती धरून ठेवणारा बांध. अमेरिकेत तर १९६४ च्या कायद्याने राखलेल्या रानांत मोटारीची करवतच वर्ज्य आहे. तिथले लोक एरवी दोघांनी ओढायच्या जुन्या करवतीने वाटा मोकळ्या करतात. ४ जुलै १९९९ ला मिनेसोटातल्या अशाच एका सरोवरांच्या रानात सरळ रेषेत धावणाऱ्या वादळाने लाखो एकरांवरची झाडे झोपविली, तेव्हा ही शिस्त त्यांना चांगलीच जड गेली असणार. असो.

आता पाण्याकडे येऊ. इथे मामला गंभीर आहे.

आपला सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर रचून झालेला. दोन कठीण थरांच्या मध्ये कुठे कुठे मऊ लाल मातीचा पट्टा असतो. वरून मुरलेले पाणी त्या पट्ट्यावर येऊन अडते. पाऊस बेताचा असला तर झऱ्यांतून निघून जाते. एका दिवसात पाचशे मिलिमीटर पडला तर निघायला जागा उरत नाही आणि वरची माती, झाडे, दगड असे सगळे अंग सुटते. पाऊलवाटा बहुतेक करून याच उतारांवरून आडव्या नेलेल्या असतात. दरड कोसळली की वाटेचा पन्नास पावलांचा तुकडा नाहीसा होतो. अलीकडे वाट दिसते, पलीकडेही दिसते; मध्ये मात्र तांबडी घसरण.

पहिल्या वर्षी ही घसरण लांबून ओळखू येते. फसवणूक दुसऱ्या वर्षापासून होते. तीवर गवत आणि तेरडा माजतो, हिरवे दिसू लागते, आणि आपल्याला वाटते की डोंगर बरा झाला. पण गवताची मुळे वीतभर. कारवीचे रान पुन्हा उभे राहीपर्यंत त्या मातीला धरणारे कोणी नसते. पाऊस सरला म्हणजे भीती सरली असेही नाही, बरं का! ओलीने धरलेला दगड माती सुकून आकसली की सैल होतो. कार्तिकातल्या स्वच्छ सकाळी, वर एखादे गुरू चरत असले तरी तेवढे पुरते.

ओलांडणे भागच असेल तर आधी पाच मिनिटे उभे राहून ऐका. खडे गळत असल्याचा आवाज येतो का? वरच्या काठाला भेगा आहेत का? काठावरची झाडे खाली झुकली आहेत का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर 'होय' आले तर परत फिरायचे. पुढाऱ्याशी वाद नाही, मतदान नाही. उत्तर 'नाही' आले तर एकेकाने जायचे, पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडून, मध्ये न थांबता. आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे न पाहता वर पाहायचे. पाऊस चालू असताना तर हा विचारच नको.

आणि तुमच्या खिशातला नकाशा? हल्ली मोबाईलवर कुणीतरी चालून नोंदलेली वाट उतरवून घेण्याची सोय झाली आहे. सोय उत्तम आहे. फक्त ती नोंद केव्हाची हे पाहा. २०१९ साली चाललेल्या माणसाची रेघ तुम्हाला बिनदिक्कत आज हवेतून चालायला सांगेल. सर्व्हेच्या जुन्या पत्रकांवरील तुटक रेघांचेही तेच. पाण्याच्या जागांचाही भरवसा धरू नये; ओहोळ पात्र बदलतात, झरे राडारोड्याखाली बुजतात. घरून नेहमीपेक्षा दोन लिटर जास्त घ्या.

खरी माहिती पायथ्याच्या वाडीत मिळते, पण ती विचारता यायला हवी. आपण शहरी माणसे विचारतो, "मामा, वर जायला वाट आहे का?" मामा म्हणतात, "हाय की!" त्यात खोटे काही नसते. त्यांच्या पायांना वाट आहेच. धनगरवाड्यावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला एकदा याचा अर्थ नीट समजावून दिला होता. ते म्हणाले, "सर, वाट हाय का इचारू नका. गुरं जात्यात का ते इचारा." तेव्हापासून मी तसेच विचारतो. गुरे या अंगाने जातात का? मावशी डोक्यावर भारा घेऊन याच वाटेने उतरतात की फेऱ्याने? शेवटचे कोण गेले अन् कधी? म्हैस ज्या वाटेला नको म्हणते तिथे प्राध्यापकाने आपली भूगोलाची पदवी पुढे करू नये.

या प्रश्नांतून आणखी एक गोष्ट लक्षात येते. आपण जिला भटकंतीची वाट म्हणतो ती त्या माणसांची बाजारची, दवाखान्याची, शाळेची वाट असते. आजारी माणूस डोलीत घालून तिच्यावरूनच उतरवितात. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळ इर्शाळवाडीवर दरड आली. इर्शाळगड चढणाऱ्या किती तरी मुलांनी त्या वाडीत पाणी प्यायले असेल, भाकरी खाल्ली असेल. वाडीला मोटारीचा रस्ता नव्हता. भर पावसात, चिखलातून, मदत करणाऱ्यांना चालत चढावे लागले; त्यांतला अग्निशमन दलाचा एक अधिकारी वाटेतच कोसळून गेला. माती उपसणारी यंत्रे वर पोचू शकली नाहीत. कुदळ-फावड्यांनी काम करावे लागले. २७ मृतदेह मिळाले, अनेकांचा पत्ता लागलाच नाही, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. ती पाऊलवाट तेवढीच होती, आणि त्या रात्री ती पुरी पडली नाही.

म्हणून वाटेच्या दुरुस्तीकडे मी केवळ भटक्यांची सोय म्हणून पाहत नाही. आमच्या कॉलेजातली दहा-बारा मुले-मुली वर्षातून एकदा शिखर सोडून वाटेवर काम करायला येतात. काम कसले म्हणाल, तर पाण्याचे. वादळ एका दिवसाचे असते. त्याने उकरलेल्या वाटेत पुढच्या पावसाचे पाणी शिरते आणि तिचा ओढा करून टाकते, ते काम अनेक वर्षे चालते. उतारावर दर पंधरा-वीस पावलांना वाटेत तिरपी दगडांची ओळ गाडायची आणि पाण्याला बाहेरच्या अंगाने काढून द्यायचे, बस. दोन दिवसांत जेमतेम शंभर पावलांची वाट होते. हात सोलवटतात. दगड कसा बसवायचा ते वाडीतली माणसे शिकवितात, आणि त्याची मजुरी त्यांना द्यायची असते. श्रमदान आपण करावे, त्यांच्याकडून फुकट घेऊ नये. अभयारण्यात मात्र वनखात्याची लेखी परवानगी घेतल्यावाचून दगडही हलवू नका. कोयनेतला वासोटा पावसाळ्यात बंद ठेवतात, तो बामणोलीहून पुन्हा उघडला आहे की नाही, तेही आधी विचारून घ्यावे.

यंदा निघाल तेव्हा परतीच्या वेळी वाडीत पाच मिनिटे थांबा. नुसते "छान झालं हो" म्हणून मोटारीकडे पळू नका. कुठले झाड आडवे आहे, कुठे नवी भेग दिसली, कुठल्या ओहोळाचे पाणी गढूळ होते, हे तिथल्या दादा-मावशींना सांगा. तुमचा प्रवास संपला असेल. गवत कापायला त्यांतली कोणीतरी दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या वाटेने वर जाणार असते.