बंदूक कोणाची, हात कोणाचा?

(शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या बैठकीतील भाषण)



भात निसवले, दाणा दुधात आला की डोंगरातून रानडुकरांचे कळप उतरतात आणि एका रात्रीत खाचर लोळवून टाकतात. ज्याच्याकडे परवान्याची बंदूक आहे तो माळ्यावर बसतो. पण कधी चाप बिघडतो, कधी नूतनीकरणाची तारीख येते, कधी तो स्वतःच तापाने पडतो. मग बंदूक मुलाच्या नाहीतर शेजाऱ्याच्या हातात जाते. वाटेत पोलीस हटकतो, "परवाना कोणाचा?" तेथून भानगड सुरू होते.

परवाना नसलेल्या माणसाला दुसऱ्याची बंदूक नेता येते का? येते. पण कोठवर, ते नीट ऐका.

1959 च्या शस्त्र कायद्याचे कलम 3 म्हणते, बंदूक बाळगायला परवाना हवा. त्याच कलमाला एक परंतुक आहे. परवानाधारक सोबत असेल, किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तर बिनपरवान्याचा माणूस त्याची बंदूक आणि दारूगोळा नेऊ शकतो. कामे तीनच : दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण, आणि खुद्द परवानाधारकाच्या वापरासाठी पोचवणे. चौथे काम नाही.

म्हणजे बाप माळ्यावर आहे आणि मुलगा त्याची चिठ्ठी घेऊन घरून बंदूक आणतो, हे कायद्यात बसते. बाप घरी झोपला आणि मुलगा बंदूक घेऊन राखणीला बसला, हे बसत नाही. चिठ्ठी असली तरी नाही. राखण मुलाने करायची तर परवाना मुलाच्या नावाने काढा. 2019 च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना बंदूक बाळगण्याला किमान 2 आणि कमाल 5 वर्षे कैद आहे, वर दंड. एका हंगामाचे भात वाचवायला घरातला कर्ता माणूस गमवायचा का?

बाप वारला तर त्याचा परवाना वारशाने मिळत नाही. कलम 21 प्रमाणे बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या, मग वारसाने अर्ज करावा. आठवण म्हणून खुंटीला टांगून ठेवलेली बंदूक हाही गुन्हाच.

चिठ्ठीत परवाना क्रमांक, बंदुकीचा क्रमांक, नेणाऱ्याचे नाव, कोठून कोठे, कशासाठी, तारीख आणि सही एवढे असू द्या. सोबत परवान्याची झेरॉक्स ठेवा. बंदूक रिकामी आणि पूर्ण झाकलेली न्या. परवान्यावर कोणते क्षेत्र लिहिले आहे तेही वाचा. वाडा तालुका 1 ऑगस्ट 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे. माळशेज चढून गेलात की पुणे जिल्हा लागतो. आणि तानसा अभयारण्यात हत्यार घेऊन शिरायला परवानाधारकालाही वनखात्याची आगाऊ लेखी परवानगी लागते. डुक्कर मारायचे तर तीही परवानगी वेगळी. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे.

आता सरकारकडे वळू. 1878 मध्ये लॉर्ड लिटनच्या सरकारने हिंदुस्थानी माणसाचे हत्यार परवान्याखाली आणले. इंग्रज गेला, परवाना राहिला. पण आजच्या कायद्याचे कलम 13 सांगते की खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा. नाकारण्याची कारणे कलम 14 मध्ये आहेत आणि नकाराचे कारण लेखी नोंदवावे लागते. कारण मागा, अपील करा. गावठी बंदुकीच्या वाटेला मात्र जाऊ नका. आणि कोयता-काठीवरून कोणी दटावले तर सांगा, केवळ शेतीसाठी बनवलेली वस्तू या कायद्याच्या व्याख्येत शस्त्र ठरत नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने यादी आणावी : परवाने किती, मुदत कधी संपते, क्षेत्र कोणते, धारक हयात आहे का, आणि किती अर्ज कचेरीत पडून आहेत. त्या यादीवर आपण जिल्हाधिकाऱ्यांशी बोलू.