‘चायनाटाउन’: खारे पाणी आणि अनाम माळी

रोमन पोलान्स्की यांनी दिग्दर्शित केलेला आणि रॉबर्ट टाउन यांनी लिहिलेला ‘चायनाटाउन’ (१९७४) हा अमेरिकी चित्रपट राजकीय भ्रष्टाचाराचा माग काढणाऱ्या गुप्तहेरपटांत अग्रगण्य मानला जातो, आणि तो मान रास्त आहे. तथापि ज्या वस्तीचे नाव त्याने घेतले, तेथील माणसांना त्याने कितपत जागा दिली, हा प्रश्न त्याच्या थोरवीपुढे दडपून जाऊ नये. कथानक १९३७ च्या लॉस एंजेलिसमध्ये घडते. शहर दुष्काळाने होरपळत असताना रात्री पाणी गुपचूप सोडून दिले जाते, कोरड्या पडलेल्या जमिनी कवडीमोलाने खरेदी होतात आणि दस्तऐवजांवर वृद्धाश्रमातील रहिवाशांची नावे त्यांच्या नकळत चढवली जातात. यामागे ओवेन्स खोऱ्याचे पाणी शहराकडे वळवल्याचा खरा इतिहास आहे. शहराचे अभियंते विल्यम मुल्हॉलंड यांच्या देखरेखीखाली बांधलेला सुमारे ३७५ किलोमीटर लांबीचा जलवाहक १९१३ मध्ये सुरू झाला. त्या खोऱ्यात पूर्वापार पाट काढून पाणी फिरवणारे पायूट आदिवासी मात्र पटकथेत कोठेही नाहीत.

अशी जागा मिळणे म्हणजे प्रतिनिधित्व, आणि ही संज्ञा येथे एका निश्चित अर्थाने घेतली आहे: एखाद्या समाजातील पात्राला स्वतःचे नाव, स्वतःचा हेतू आणि कथेला वळण देण्याचे बळ मिळणे. या कसोटीवर, कथेत खून होणाऱ्या अभियंता मलरे यांच्या घरच्या बागेतील आशियाई माळ्याचे पात्र (अभिनेते जेरी फुजिकावा) विशेष बोलके ठरते. तळ्यातील पाणी गवताला घातक आहे, असे तो गुप्तहेर नायक गिटीसला सांगतो. पण त्याच्या उच्चारात ‘र’चा ‘ल’ होऊन गवतासाठीचा इंग्रजी शब्द काचेच्या शब्दासारखा ऐकू येतो, आणि गिटीस त्या उच्चाराची नक्कल करून पुढे निघून जातो. मृत मलरे यांच्या फुफ्फुसांत खारे पाणी सापडले होते. बागेतले तळेच खारे आहे हे उशिरा उमगते, आणि त्याच तळ्यातून खुन्यापर्यंत नेणारा चष्मा बाहेर येतो. खुनाचा उलगडा ज्याच्या ज्ञानातून होतो त्याला पटकथेने नावही दिले नाही; तिने त्याचे वाक्य ऐकले, माणूस ऐकला नाही. जेम्स हाँग यांनी साकारलेला कान हा सेवक मलरे यांची पत्नी एव्हलिन हिचा विश्वासू आहे, परंतु त्याला स्वतःविषयी बोलण्याची संधी मिळत नाही.

वृद्धाश्रमात ज्यूंना प्रवेश नाही, हे गिटीसच्या एका प्रश्नातून उघड होते, म्हणजे भेदभाव टिपण्याची दृष्टी लेखकाकडे होती. चिनी वस्ती मात्र न उमगणाऱ्या अंधाराचे रूपक म्हणूनच उरते. १८७१ मध्ये याच शहरात जमावाने चिनी रहिवाशांची कत्तल केली होती. चिनी मजुरांचा प्रवेश रोखणारा १८८२ चा कायदा १९४३ पर्यंत टिकला. आणि १९३७ पर्यंत जुन्या चायनाटाउनचा मोठा भाग युनियन स्टेशनसाठी पाडून झाला होता. शेवटचा प्रसंग तेथेच घडूनही यांपैकी कशाचाही उल्लेख चित्रपटात येत नाही, आणि हा त्याचा खरा दोष आहे.

चित्रपटाने वगळलेला हा इतिहास पुढेही चालू राहिला: कथेच्या काळानंतर पाच वर्षांनी, १९४२ मध्ये, त्याच ओवेन्स खोऱ्यातील मँझनार येथे छावणी उभारून जपानी वंशाच्या दहा हजारांहून अधिक लोकांना कोंडण्यात आले. ती जमीन लॉस एंजेलिस शहराने पाण्यासाठीच विकत घेतलेली होती.