घरातला राउटर बिघडला तर



आज आपण घरातल्या इंटरनेटविषयी बोलू.

विहिरीला पाणी असते, पण पाटाचे दार अडले की वाफा कोरडा राहतो. इंटरनेटचेही तसेच आहे. कंपनीची तार घरात येते, ती एका लहान डब्याला जोडलेली असते. या डब्याला राउटर म्हणतात. तो घरातल्या सगळ्या फोनांना इंटरनेट वाटून देतो. डबा बिघडला की सगळ्यांचेच अडते. सात-बाराचा उतारा निघत नाही. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज राहतो. आणि अर्जाची शेवटची तारीख काही आपल्यासाठी थांबत नाही!

मग काय करावे? डब्याला थापा मारू नयेत. आधी नीट पाहावे.

एकाच फोनला इंटरनेट नाही, की सगळ्यांना? एकालाच नसेल, तर दोष बहुधा त्या फोनचा. सगळ्यांनाच नसेल, तर पैसे भरायचे राहिले नाहीत ना, ते पाहा. मग डब्याकडे वळा.

डब्यावर दिवे असतात. एकही दिवा लागत नसेल, तर वीज आहे का, पिन घट्ट बसली आहे का, ते बघा. एल-ओ-एस या इंग्रजी अक्षरांजवळ तांबडा दिवा लागला, तर समजा, बाहेरून प्रकाश येत नाही. होय, प्रकाशच! फायबरच्या तारेत केसासारखा बारीक काचेचा तंतू असतो. त्यातून प्रकाश धावतो. तार फार वाकली तरी तो अडतो. पण तार उपसून तिच्या टोकात डोकावू नका. तो प्रकाश दिसत नाही, तरी डोळ्याला इजा करू शकतो.

दिवे ठीक असतील, तर डबा बंद करा. अर्धा मिनिट थांबा. पुन्हा चालू करून पाच मिनिटे वाट पाहा. मागच्या बारीक भोकात टाचणी मात्र खुपसू नका. तिथली कळ दाबून धरली, तर कंपनीने भरून दिलेली माहिती पुसली जाते. डब्यावर कापडही घालू नका. तो तापतो.

एवढे करूनही डबा रोज बंद पडतो? मग वही काढा. तारीख, वेळ, कोणता दिवा लागला, सारे लिहा. आपण लिहायला शिकलो, ते अशाच कामासाठी. कंपनीकडे तक्रार करा, आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. "तुमचे फोनच खराब आहेत," असे कोणी म्हणाले, तर वही पुढे करा. कंपनीच्या माणसाला त्याचाच संगणक तारेने डब्याला जोडायला सांगा. त्यावरही इंटरनेट आले नाही, तर दोष आपल्या फोनचा नव्हे.

तरीही दाद लागली नाही तर? ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनीकडे अपील करता येते. त्याला पैसे पडत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबरही आहे.

आम्ही एवढेच सांगू. पैसे आपल्या घामाचे आहेत. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते, लिहिलेले टिकते. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.