काविळीची लस : कोणती आणि कोणाला?

जून लागला की नांदेड-लातूरच्या एस.टी. स्थानकांवर पेट्या, वळकट्या आणि त्यांच्यामागं उभे आईबाप दिसू लागतात. मुखेडचा, कंधारचा, औशाचा मुलगा अकरावीला शहरात निघालेला असतो. आई पेटीत चिवडा भरते, लोणचं भरते. त्या पेटीच्या तयारीतच काविळीच्या लसीचाही विचार व्हावा, एवढ्यासाठी आजचं हे बोलणं.

तुम्ही म्हणाल, "अहो, ती तर पोराला लहानपणीच टोचली, कार्डावर नोंद आहे." इथंच घोटाळा होतो. कार्डावरची लस 'ब' काविळीची. ती कावीळ रक्तावाटे, दूषित सुईवाटे, बाळंतपणात आईकडून बाळाला जाते. आज सांगतो आहे ती 'अ' कावीळ. विष्ठेनं दूषित झालेलं पाणी, अन्न आणि न धुतलेले हात, ही तिची वाट. एकीची लस दुसरीला काडीच्याही उपयोगाची नाही. 'ब'ची लस सरकारी कार्यक्रमात फुकट मिळते. 'अ'ची मात्र डॉक्टरांकडे मागून, पदरचे पैसे मोजून घ्यावी लागते.

मग आमच्या आजोबांना कुठं होती लस? नव्हती. विहिरी-नदीचं पाणी पिऊन बहुतेकांना ही कावीळ लहानपणीच होऊन जायची. सहा वर्षांच्या आतल्या मुलाचे डोळे बहुधा पिवळेसुद्धा होत नाहीत. थोडा ताप येतो, पोट बिघडतं, घरात कुणाला पत्ता लागत नाही, आणि जन्माचं संरक्षण मिळून जातं. आता अनेक घरांत जार आले, फिल्टर आले. चांगलंच झालं. पण त्यामुळं मूल सोळा वर्षांचं होईतो या रोगाला भेटतच नाही, आणि मग वसतिगृहाच्या टाकीचं, खाणावळीच्या माठाचं पाणी पितं. या वयात कावीळ अंगावर नीट उमटते, कित्येक आठवडे अंथरूण धरायला लावते. क्वचित यकृतही निकामी करते. वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या वर्षात त्याचा अर्थ काय, हे शिक्षकांना मी काय सांगावं! त्यात आपल्याकडं पाण्याची ओढ. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते कोण विसरेल?

ही लस एक वर्षाच्या पुढं देता येते. एका प्रकारात साधारण सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस, दुसऱ्यात एकच. जायच्या महिनाभर आधी टोचलेली बरी. ज्यांचं यकृत आधीच दुबळं आहे त्यांनी तर डॉक्टरांना जरूर विचारावं. मोठ्या माणसाला कावीळ होऊन गेली असेल तर रक्त तपासून कळतं. मग लसीचा खर्च नको.

पण लस घेतली म्हणून गढूळ पाणी प्यावं असं नाही. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरून हजारो लोकांना कावीळ झाली. पुढं जपून ठेवलेलं रक्त तपासलं, तेव्हा ती 'अ' नसून 'ई' निघाली. गरोदर बाईला ही 'ई' फार घातक, आणि तिच्यावर ही लस चालत नाही. तिथं उकळलेलं पाणीच कामाचं. गावात टीसीएल पावडर पाण्यात पडते की नाही, तेही विचारत जा.

आणि ती माळ! गळ्यात घातलेली माळ लांबत जाते, कारण ओल्या काड्या वाळून आकसतात, गाठी सैल पडतात. 'अ' कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते. श्रेय माळेला जातं. डाग देणं मात्र अघोरीच.

शिक्षकांना एक विनंती. संसर्ग झाल्यापासून डोळे पिवळे होईतो साधारण चार आठवडे जातात, आणि पिवळेपणाआधीच मूल रोग पसरवीत असतं. म्हणून खोलीत एकाला 'अ' कावीळ निघाली, तर त्याच्या सोबत्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडं पाठवा. संपर्कापासून चौदा दिवसांच्या आत टोचलेली लस त्यांना वाचवू शकते.