चूल विझली, तरी निखारे असतात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला गाणी असावीत, फराळ असावा, चार हसण्याच्या गोष्टी असाव्यात. तिथे अणुभट्टीसारखा रूक्ष विषय घेऊन मी उभी राहिले, याबद्दल आधीच क्षमा मागते. पण हा विषय मी निवडलेला नाही; तो आपल्यातल्याच एका आजींनी दिलेला आहे. नोव्हेंबर २०१८ पासून आपल्या डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के बसू लागले आणि माणसे थंडीच्या रात्री घराबाहेर काढू लागली. त्या दिवसांत आजींनी मला दोन प्रश्न विचारले. "बाई, घर हलले तर आपण अंगणात येऊ, पण तारापूरचे काय?" हा पहिला. आणि दुसरा, "निघा म्हणाले, तर आमच्या ह्यांना कोण उचलणार?" त्यांचे यजमान अंथरुणाला खिळलेले होते.

शाळेत विज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली. पहिला प्रश्न मला मोठा वाटला आणि दुसरा घरगुती. आज कबूल करते, माझे चुकले होते. ते कसे, हे सांगण्यासाठी तुम्हाला जपानच्या किनाऱ्यावर न्यायला हवे.

शुक्रवार, ११ मार्च २०११. दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी जपानच्या ईशान्य किनाऱ्यापुढे समुद्रात ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. या मोजमापात एक अंक वाढला, की भूकंपाची शक्ती सुमारे तीस पट वाढते. तेव्हा आपल्याकडच्या धक्क्यांशी त्याची बरोबरी करू नका. फुकुशिमा दाइची या केंद्रात सहा भट्ट्या होत्या, त्यांपैकी तीन चालू होत्या. जमीन हलताच त्या आपोआप बंद झाल्या. इथवर सारे ठरल्याप्रमाणे झाले.

मग बिघडले कुठे? भगिनींनो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळेल. चुलीतली लाकडे ओढून घेतली, म्हणून आमटी लगेच उकळायची थांबते का? निखारे असतातच. पाणी आटले, की भांडे करपते. अणुभट्टीचेही तसेच आहे. बंद केल्या क्षणी तिच्यात मूळ उष्णतेच्या शेकडा सहा-सात भाग उष्णता उरते. दिवसभराने शेकडा अर्धा भाग. अर्धा म्हणजे थोडा वाटेल. पण तिथल्या दुसऱ्या भट्टीचा हा अर्धा भाग म्हणजे सुमारे सहा हजार विजेच्या शेगड्या एकदम पेटलेल्या! त्यावर सतत पाणी फिरते ठेवावे लागते आणि पाणी फिरवायला पंप, पंपाला वीज लागते.

बाहेरून येणारी वीज भूकंपाने गेली. डिझेलची जनित्रे सुरू झाली. पण पाऊण-एक तासात समुद्र आला. चार भट्ट्यांजवळची जमीन समुद्रापासून १० मीटर उंच होती आणि लाट १४-१५ मीटरपर्यंत चढली. बहुतेक जनित्रे होती तळघरात. ती बुडाली आणि त्यांबरोबर विजेच्या पेट्याही बुडाल्या. सहाव्या भट्टीचे एक जनित्र तेवढे वाचले. त्याच्या जोरावर पाचवी आणि सहावी भट्टी तरली. बाकीकडे अंधार. भट्टीत पाणी किती आहे, हे सांगणारे काटेही बंद पडले. तेव्हा कर्मचाऱ्यांनी मोटारगाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या, काट्यांना जोडल्या आणि हातातल्या विजेरीच्या उजेडात आकडे वाचले.

पाणी आटले. इंधनाच्या नळ्या झिर्कोनियम धातूच्या असतात. तो धातू लालबुंद होऊन वाफेत सापडला, की हायड्रोजन वायू सुटतो. तो छताखाली साठला. १२ मार्चला पहिल्या भट्टीची इमारत फुटली, १४ मार्चला तिसरीची आणि १५ मार्चला चौथीची. चौथी तर बंदच होती. तिथे शेजारच्या भट्टीतून वायू आला होता. तीन भट्ट्यांतले इंधन वितळले.

अशा वेळी करायचे काय? जे होते ते घेऊन तिथल्या लोकांनी केले. अग्निशामक बंबांनी समुद्राचे खारे पाणी भट्टीत घातले. भट्टी पुन्हा वापरात येणार नाही, हे ठाऊक असून घातले. मासाओ योशिदा हे केंद्राचे प्रमुख. "वरून मंजुरी आलेली नाही, पाणी थांबवा," असा निरोप त्यांना मुख्य कचेरीतून आला. त्यांनी सर्वांना ऐकू जाईल असा थांबवण्याचा हुकूम दिला. मात्र आपल्या माणसाला आधीच हळूच सांगून ठेवले होते, की पाणी थांबवायचे नाही. इमारती बांधताना काँक्रीट वर चढवणारा लांब हाताचा पंप आणला आणि त्याने चौथ्या भट्टीवरच्या, वापरलेल्या इंधनाच्या टाकीत पाणी सोडले. अखेर डिसेंबर २०११ मध्ये भट्ट्या थंड स्थितीत आल्याचे सरकारने जाहीर केले.

आता त्याच किनाऱ्यावरची दोन भावंडे पाहा. दक्षिणेला सुमारे १२ किलोमीटरवर फुकुशिमा दाइनी. तिथे चारही भट्ट्या चालू होत्या. समुद्र तिथेही शिरला आणि समुद्रकाठचे पंप निकामी झाले. पण बाहेरच्या विजेची एक तार शाबूत राहिली होती. ती वीज पंपांपर्यंत न्यायची कशी? सुमारे दोनशे माणसांनी जड केबलीचे तुकडे खांद्यावर घेऊन, दीड दिवसाच्या आत, जवळजवळ ९ किलोमीटर केबल हाताने ओढली. प्रमुख नाओहिरो मासुदा यांनी आपल्या माणसांना नुसते "घाबरू नका" असे सांगितले नाही. मागाहून येणारे धक्के किती मोठे आहेत आणि ते कसे कमी होत आहेत, हे ते फळ्यावर लिहीत गेले. खरे समोर दिसले, म्हणून माणसे कामाला लागली. १५ मार्चपर्यंत चारही भट्ट्या थंड झाल्या.

उत्तरेला ओनागावा. ते तर भूकंपाच्या केंद्राला अधिक जवळ. परंतु ते बांधताना यानोसुके हिराई नावाच्या वडीलधाऱ्या अभियंत्याने हट्ट धरला, की इ. स. ८६९ च्या लाटेची आठवण या किनाऱ्याला आहे, म्हणून केंद्र उंचावरच हवे. ते १४.८ मीटर उंचीवर झाले. २०११ मध्ये तिथली जमीन सुमारे एक मीटर खचली आणि लाट आली १३ मीटरांची. केंद्र थोडक्यात तरले! घरे वाहून गेलेले तीनशेहून अधिक गावकरी कित्येक आठवडे त्याच केंद्राच्या आवारात राहिले. हिराई १९८६ सालीच वारले होते. आपल्या हट्टाचे फळ त्यांना दिसले नाही.

आणि दाइचीच्या मालक कंपनीने २००८ मध्ये स्वतःच हिशेब मांडला होता, की लाट १५.७ मीटरपर्यंत चढू शकेल. तो कागद कपाटात राहिला. जपानच्या संसदेने नेमलेल्या चौकशी समितीने २०१२ मध्ये या अपघाताला मानवनिर्मित म्हटले, ते उगीच नव्हे.

आजींचा पहिला प्रश्न इथे सुटतो. भूकंपानंतर भट्टी आपोआप थांबते. पुढचे पाणी आणि वीज यांची सोय मात्र आधीच, उंचावर आणि दुहेरी करून ठेवावी लागते. आपल्याकडे कल्पाक्कमला २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पंपघरात पाणी शिरले, तरी भट्टी सुरक्षित बंद झाली. तारापूरचे केंद्र १९६९ सालचे. तेव्हा "आपल्याकडे जनित्रे किती उंचावर आहेत?" हा प्रश्न विचारण्यात शत्रुत्व नाही, तो शेजाऱ्याचा हक्क आहे.

आता दुसरा प्रश्न. दाइचीभोवतीच्या लोकांना पहिल्या रात्री ३ किलोमीटर दूर जायला सांगितले, पहाटे १० आणि दुसऱ्या संध्याकाळी २०. दीड लाखांहून अधिक माणसांनी घरे सोडली. जवळच्या एका रुग्णालयातील आणि वृद्धाश्रमातील अंथरुणावरच्या रुग्णांना बसमध्ये बसवून तासन् तास फिरवले. बरोबर पुरेसे डॉक्टर नाहीत, औषध नाही. त्या धावपळीत आणि नंतरच्या काही दिवसांत चाळीसहून अधिक दगावले. फुकुशिमा प्रांतात स्थलांतराच्या हालांनी, उपचार तुटल्याने आणि मनाने खचून पुढे २,३०० हून अधिक माणसे गेल्याची नोंद आहे. त्यांतली बहुतेक वयस्कर. उलट, किरणोत्सर्गामुळे तिथल्या रहिवाशांना आजार झाल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीला आढळले नाही. याचा अर्थ हलायला नको होते, असा मी करत नाही. पण कोणाला, कसे आणि कोणाबरोबर हलवायचे, हे कोणी आधी ठरवले नव्हते. "ह्यांना कोण उचलणार?" हाच खरा प्रश्न होता.

तिकडचे काम अजून संपलेले नाही. थंड करताना साठलेले पाणी शुद्ध करून, पातळ करून समुद्रात सोडण्यास ऑगस्ट २०२३ मध्ये सुरुवात झाली. वितळून घट्ट झालेले इंधन सुमारे ८८० टन आहे. त्यातला पहिला कण नोव्हेंबर २०२४ मध्ये बाहेर काढला, तो एक ग्रॅमसुद्धा भरला नाही. करपलेले भांडे घासायला किती वेळ लागतो, हे आपल्याला माहीत आहेच!

म्हणून या वर्धापनदिनी माझी दोनच मागणी आहे. एक, केंद्राबाहेरच्या गावांसाठी जिल्हा प्रशासनाची जी आपत्कालीन योजना असते, ती मंडळाने मागवावी आणि इथे बसून मोठ्याने वाचावी. दुसरी, एक वही घालावी. आपापल्या आळीत कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणाला ऑक्सिजन लागतो, कोणाचे बाळंतपण जवळ आले आहे, कोणाची कोणती गोळी चुकवून चालत नाही आणि त्यांना उचलायला कोणती दोन घरे येतील, हे त्या वहीत लिहावे. दर सहा महिन्यांनी ती पाहावी. भूकंप आला नाही, तरी पुराला, आगीला, अपरात्रीच्या दुखण्याला हीच वही उपयोगी पडेल.

आजींचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. आजी मात्र आज पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. त्यांना उत्तर द्यायला मला उशीर झाला. वही मी बरोबर आणली आहे. पहिले पान कोरे आहे. चहा होण्यापूर्वी ते भरू या.