बँकेचे खाते आणि बीजगणिताची दोन समीकरणे

(वाडी, जिल्हा नागपूर येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी आणि पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



बीजगणित म्हटले की पुष्कळांना शाळेतील फळा आठवतो आणि बँक म्हटले की पासबुक. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असेल असे सहसा मनात येत नाही. वस्तुतः तो अगदी जवळचा आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या ‘लीलावती’ ग्रंथात व्याजाची, खरेदी-विक्रीची उदाहरणे घातली आणि ‘बीजगणित’ ग्रंथात अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ असे नाव देऊन ती शोधण्याची रीत सांगितली. व्यवहारातील न कळणारी संख्या कळावी, हाच त्या विद्येचा एक मोठा उपयोग होय.

अमरावती मार्गावरील ही वाडी मालवाहतुकीची आणि गोदामांची वस्ती आहे. येथे हमाल आहेत, वाहनचालक आहेत, ठेकेदाराकडे काम करणारे मजूर आहेत. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, २८ ऑगस्ट २०१४ रोजी प्रधानमंत्री जनधन योजना सुरू झाली, आणि या वाटचालीत बँकेचे खाते सामान्य माणसाच्या घरापर्यंत पोहोचले. खाते उघडण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. ते खाते वापरायला खर्च किती येतो, हे खातेदाराला कळणे मात्र पुष्कळ अंशी शिल्लक आहे.

दोन खाती, दोन रेषा

प्रथम एक नियम ध्यानात घ्यावा. खातेदाराला स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्यातून पाच व्यवहार विनाशुल्क करता येतात. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मुंबईसारख्या सहा महानगरांत तीन, तर अन्यत्र पाच व्यवहार विनाशुल्क आहेत. नागपूरची गणना त्या सहा महानगरांत होत नाही, म्हणून आपणांस दुसरा नियम लागू पडतो. ही मर्यादा ओलांडली की प्रत्येक व्यवहारास शुल्क पडते. रिझर्व्ह बँकेने १ मे २०२५ पासून त्याची कमाल मर्यादा २३ रुपये ठरविली असून त्यावर कर निराळा आहे.

आता दोन खाती कल्पू. पहिल्या खात्यास मासिक शुल्क नाही; परंतु मर्यादेबाहेरील प्रत्येक व्यवहारास २३ रुपये पडतात. दुसऱ्या खात्यास दरमहा ३९ रुपये ठरलेले शुल्क आहे. तेथे अशा प्रत्येक व्यवहारास १० रुपयेच पडतात. मर्यादेबाहेरील व्यवहारांची संख्या ‘क्ष’ आणि महिन्याचा खर्च ‘य’ मानला, तर समीकरणे अशी होतात :

पहिले खाते : य = २३ क्ष
दुसरे खाते : य = ३९ + १० क्ष

कोणते खाते स्वस्त? या प्रश्नाला एकच उत्तर नाही. दोन्ही खर्च समान कधी होतात ते आधी पाहावे. २३ क्ष = ३९ + १० क्ष, म्हणजेच १३ क्ष = ३९, म्हणून क्ष = ३. तीन जादा व्यवहार केल्यास दोन्ही खात्यांत ६९ रुपयेच लागतात. आलेखावर पहिली रेषा शून्यापासून निघून झपाट्याने चढते, दुसरी ३९ वरून निघून सावकाश चढते, आणि त्या या ठिकाणी परस्परांना छेदतात.

महिन्यातून एकच जादा व्यवहार करणाऱ्यास पहिल्या खात्यात २३ आणि दुसऱ्यात ४९ रुपये पडतील. पाच जादा व्यवहार करणाऱ्यास पहिल्यात ११५, तर दुसऱ्यात ८९ रुपये पडतील. दोघांनीही चुकीचे खाते निवडले, तर प्रत्येकाचे महिन्याला २६ आणि वर्षाला ३१२ रुपये विनाकारण जातील. एकाला जे खाते स्वस्त, तेच शेजाऱ्याला महाग. बँकेच्या शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. परंतु तो दोन्ही बाजूंना सारख्याच प्रमाणात लागत असल्याने छेदनबिंदूवरील ‘क्ष’ बदलत नाही. म्हणून खाते निवडण्यापूर्वी ‘माझा क्ष किती?’ हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. त्याचे उत्तर जाहिरातीत सापडत नाही, स्वतःच्या पासबुकात सापडते.

कमी शिलकीचा दंड

याहून गंभीर बाब किमान शिलकीची आहे. समजा, एखाद्या खात्यात सरासरी २,००० रुपये ठेवण्याची अट आहे आणि तूट पडल्यास तुटीच्या ६ टक्के दंड आहे. शिल्लक ‘श’ मानली, तर दंड = ०.०६ × (२,००० − श). ज्याच्या खात्यात सरासरी ५०० रुपयेच राहिले, त्याची तूट १,५०० आणि दंड ९० रुपये. करासह १०६ रुपये २० पैसे. अडीच टक्के दराने त्या ५०० रुपयांवर वर्षभरात मिळणारे व्याज साडेबारा रुपये! एका महिन्याचा दंड हा साडेआठ वर्षांच्या व्याजाएवढा ठरतो. शिल्लक जितकी कमी तितका दंड अधिक, असे हे समीकरण आहे. आणि ज्याची शिल्लक कमी, तो बहुधा गरीबच असतो.

ठेकेदार बदलला की मजुराचे पगार खाते मागे राहते. काही महिने पगार जमा न झाल्यास बहुतेक बँका ते साधे बचत खाते समजतात आणि किमान शिलकीची अट असल्यास ती त्यास लागू होते. यास्तव नोकरी बदलताना जुन्या खात्याची चौकशी करणे अगत्याचे आहे.

या बाबतीत नियमांचे संरक्षणही आहे. १ एप्रिल २०१५ पासून दंड तुटीच्या प्रमाणातच असला पाहिजे, त्यापूर्वी खातेदारास सूचना देऊन शिल्लक भरण्यास किमान एक महिन्याची मुदत दिली पाहिजे, आणि केवळ अशा दंडामुळे बचत खाते उणे होता कामा नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. भारतीय स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये बचत खात्यांवरील ही अट काढून टाकली. २०२५ मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक आणि बँक ऑफ बडोदा यांनीही सर्वसाधारण बचत खात्यांवरील दंड रद्द केला. तथापि सर्वच बँकांत अशी स्थिती नाही.

तिसरी रेषा

अल्प उत्पन्नाच्या माणसाला पुष्कळदा समीकरण सोडविण्याचीही गरज नसते. २०१२ पासून प्रत्येक बँकेत ‘मूलभूत बचत बँक ठेव खाते’ उपलब्ध आहे. त्यात किमान शिलकीची अट नाही, एटीएम कार्डास वार्षिक शुल्क नाही आणि महिन्यातून किमान चार वेळा पैसे काढणे विनाशुल्क आहे. तेवढ्यात ज्याचे भागते, त्याचे समीकरण आहे : य = ०. विद्यमान खातेही लेखी मागणी करून या प्रकारात बदलता येते. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही.

शिक्षक मित्रहो, दहावीच्या गणितात दोन चलांतील रेषीय समीकरणांचा पाठ आहे. तो शिकविताना विद्यार्थ्यांना आपल्या परिसरातील दोन बँकांची शुल्कपत्रके आणावयास सांगावे, आणि घरच्या पासबुकातील गेल्या तीन महिन्यांचा ‘क्ष’ मोजावयास लावावा. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत मूलभूत खात्याची माहिती वाचून दाखवावी. न समजलेले शुल्क वजा झाले असल्यास प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर न मिळाल्यास अथवा समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

शुल्काचे आकडे उद्या बदलतील, बँकांच्या योजनांची नावेही बदलतील. ठरलेला खर्च किती, दर वेळेचा किती, आणि आपण किती वेळा, ही तीन प्रश्नांची रीत मात्र बदलणार नाही. दहावीत शिकणाऱ्या मुलीने आपल्या वडिलांच्या पासबुकावर ही रीत वापरून पाहिली, तर घरातील कष्टाचा पैसा घरात राहील, आणि बीजगणित कशाला शिकायचे, हा प्रश्न त्या घरात पुन्हा कोणी विचारणार नाही.